चित्रांवरचं पुस्तक, पण चित्रांशिवाय



पेटची तयारी करणारे किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेले विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात: "वादग्रस्त विषय घेतला तर चालेल का?" सीनियर म्हणतात नको, गाईड म्हणतात कशाला नसता ताप, आणि घरच्यांना तर विषयाचं नाव ऐकूनच धडकी भरते. मला यावर उपदेश करायचा नाही. त्यापेक्षा आज एक पुस्तक घेऊया. अतिशय वादग्रस्त विषयावर नीट संशोधन कसं करायचं हे ते शिकवतं, आणि छापून बाहेर येताना त्याच पुस्तकाचं काय झालं, हा दुसरा धडा आहे. मी मूळची विज्ञानाची, त्यामुळे माझं वाचन पुरावा आणि पद्धत याच बाजूने होतं, हे आधीच सांगून ठेवते.

पुस्तकाचं नाव 'द कार्टून्स दॅट शूक द वर्ल्ड'. लेखिका युटे क्लाउसेन, जन्माने डॅनिश, अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात राज्यशास्त्राच्या प्राध्यापक. येल युनिव्हर्सिटी प्रेसने २००९ मध्ये ते प्रकाशित केलं. विषय: डेन्मार्कच्या एका वर्तमानपत्रात छापलेली प्रेषित महंमदांची १२ व्यंगचित्रं आणि त्यावरून जगभर उठलेलं वादळ. आणि या पुस्तकात त्या १२ पैकी एकही चित्र नाही.

आधी घटनाक्रम

कुठलाही वाद समजून घ्यायचा तर पहिली सवय म्हणजे तारखा एका रेषेवर मांडणं. इथेही तेच करू.

२००५ मध्ये कोरे ब्लुटगेन या डॅनिश लेखकाने सांगितलं की मुलांसाठी लिहिलेल्या प्रेषितांवरच्या पुस्तकाला चित्रकार मिळत नाही, सगळे घाबरतात. 'युलंड्स-पोस्टेन' या मोठ्या वर्तमानपत्राचे सांस्कृतिक संपादक फ्लेमिंग रोझ यांनी ते मनावर घेतलं आणि देशातल्या व्यंगचित्रकारांना 'तुम्हाला महंमद जसे दिसतात तसे काढा' असं आवाहन केलं. सुमारे ४० जणांना विचारलं, १२ जणांनी चित्रं दिली. ३० सप्टेंबर २००५ रोजी ती छापून आली.

ऑक्टोबरमध्ये मुस्लिम देशांच्या ११ राजदूतांनी पंतप्रधान अँडर्स फॉग रासमुसेन यांची भेट मागितली. ती नाकारली गेली. डिसेंबरमध्ये डेन्मार्कमधल्या काही इमामांचं शिष्टमंडळ कागदपत्रांची एक फाइल घेऊन इजिप्त आणि लेबनॉनला गेलं. जानेवारी २००६ मध्ये सौदी अरेबियात डॅनिश मालावर बहिष्कार सुरू झाला आणि दूध-लोणी विकणाऱ्या आर्ला कंपनीला त्याचा मोठा फटका बसला. ४ फेब्रुवारीला दमास्कसमधल्या डॅनिश दूतावासाला आग लावली गेली, ५ फेब्रुवारीला बैरूतमध्ये तेच झालं. पुढे नायजेरिया, लिबिया, पाकिस्तान, अफगाणिस्तान या देशांतल्या दंगलींत माणसं मेली.

आता या रेषेकडे नीट बघा. चित्रं छापली सप्टेंबरअखेरीस आणि आगी लागल्या फेब्रुवारीत. मधे चार महिने गेले.

पुस्तकाची ताकद: चार महिन्यांचा प्रश्न

त्या काळात एक सोपं उत्तर सगळीकडे तयार होतं: हा दोन संस्कृतींचा संघर्ष आहे. एका बाजूला अभिव्यक्तिस्वातंत्र्य मानणारा पश्चिम, दुसऱ्या बाजूला अपमान सहन न करणारा इस्लाम. एकाने ठिणगी टाकली, दुसरा पेटला. क्लाउसेन या उत्तरावर विश्वास ठेवत नाहीत, कारण ते चार महिन्यांचा हिशोब देत नाही. अपमानातून आपोआप हिंसा होत असती तर ती ऑक्टोबरमध्येच व्हायला हवी होती.

ऑक्टोबरमध्ये काय झालं? कैरोच्या 'अल फज्र' या वर्तमानपत्राने यातली काही चित्रं टीका करण्यासाठी पुन्हा छापली, १७ ऑक्टोबर २००५ रोजी, तेही रमजानच्या महिन्यात. इजिप्तमध्ये तेव्हा काहीही जळलं नाही. लॅबमध्ये काम करणाऱ्यांना हे लगेच कळेल. तेच रसायन तशाच भांड्यात टाकलं आणि अभिक्रिया झाली नाही, तर कारण नुसत्या रसायनात नाही, आणखी काहीतरी लागतं. अर्थात समाज म्हणजे परीक्षानळी नव्हे. 'अल फज्र' काही आदर्श कंट्रोल नाही, कारण तिथे छापण्याचा हेतूच वेगळा होता. पण 'चित्र दिसलं की दंगल होते' हे सरळ समीकरण त्या एका उदाहरणाने मोडतं.

मग ते 'आणखी काहीतरी' कोणतं? क्लाउसेन डॅनिश संपादकांना, व्यंगचित्रकारांना, इमामांना, मुत्सद्द्यांना आणि मध्यपूर्वेतल्या राजकारण्यांना भेटल्या आणि प्रत्येकाला या वादातून काय हवं होतं ते शोधत गेल्या. इजिप्तमध्ये २००५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संसदेच्या निवडणुका होत्या. मुस्लिम ब्रदरहूडशी संबंधित उमेदवारांनी त्यात ८८ जागा जिंकल्या. मुबारक सरकारला आपणही धर्माचे रक्षक आहोत हे दाखवायचं होतं, आणि लोकशाहीवरून प्रवचन देणाऱ्या पश्चिमेला उत्तरही द्यायचं होतं. डेन्मार्कमधल्या इमामांना आपल्याच देशात कुणी दखल घेत नव्हतं, म्हणून ते बाहेर गेले. जिथे जिथे हिंसा झाली तिथे स्थानिक भांडणं आधीच होती, चित्रांनी त्यांना निमित्त दिलं. म्हणजे हा एक वाद नव्हता, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या हेतूंनी पुढे ढकललेली ती एक साखळी होती.

संशोधनाच्या दृष्टीने ही मांडणी मला फार महत्त्वाची वाटते. 'लोकांच्या भावना दुखावल्या' हे वाक्य आपण किती सहज लिहितो! क्लाउसेन विचारतात: कुठल्या लोकांच्या, कधी, आणि त्यांच्यापर्यंत ही बातमी नेली कोणी? तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'समाज' हा शब्द जिथे कर्ता म्हणून आला असेल, तिथे हे तीन प्रश्न लावून बघा. निम्मी वाक्यं बदलावी लागतील.

पुस्तकाची मर्यादा

ज्या ठिकाणी पुस्तक कमी पडतं तेही बघायला हवं, नाहीतर ही जाहिरात होईल.

सगळा भर राजकारणावर दिला की एक धोका असतो. नेते, सरकारं, संघटना एवढेच खेळाडू दिसतात आणि ज्या साध्या माणसाला ते चित्र खरोखर लागलं, तो चित्रातून निघून जातो. त्याच २००९ साली मानववंशशास्त्रज्ञ सबा महमूद यांनी याच वादावर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की अनेक श्रद्धाळू मुस्लिमांसाठी प्रेषित हे नियम सांगणारे दूरचे अधिकारी नसून रोजच्या जगण्यात ज्यांच्यासारखं व्हायचं ते जवळचं आदर्श व्यक्तिमत्त्व असतं. त्यामुळे झालेली जखम 'नियम मोडला' अशी नसते, जवळच्या नात्यावर घाव बसावा तशी असते. आणि ही जखम कायद्याच्या किंवा हक्कांच्या भाषेत नीट सांगताच येत नाही.

क्लाउसेन 'हे कसं पेटवलं गेलं' हे सांगतात. महमूद 'ते लागलं का' हे सांगतात. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत आणि एकाच्या उत्तराने दुसरा सुटत नाही. वाद पेटवला गेला म्हणून दुःख खोटं ठरत नाही, आणि दुःख खरं आहे म्हणून जाळपोळ समर्थनीय होत नाही. क्लाउसेन वाचताना महमूद शेजारी ठेवा, असं मी म्हणेन.

आता चित्रं कुठे गेली?

हस्तलिखित तयार झाल्यावर येल युनिव्हर्सिटी प्रेस आणि विद्यापीठाने सुमारे दोन डझन तज्ज्ञांचा सल्ला घेतला. चित्रं छापली तर हिंसा होण्याची शक्यता आहे, असा सल्ला मिळाल्याचं सांगून १२ व्यंगचित्रं काढून टाकली गेली. एवढ्यावर थांबले नाहीत. प्रेषितांची इतर चित्रंही गेली: दांतेच्या 'इन्फर्नो'साठी गुस्ताव्ह दोरे यांनी १९ व्या शतकात काढलेलं चित्र आणि एक ऑटोमन काळातलं चित्रसुद्धा. तज्ज्ञांच्या मतांचा सारांश लेखिकेला वाचायचा असेल तर त्यातलं काही बाहेर सांगणार नाही असा गोपनीयतेचा करार करा, अशी अट घातली. क्लाउसेन यांनी सही करायला नकार दिला, पण चित्रांशिवाय पुस्तक छापायला नाइलाजाने तयार झाल्या.

प्रकाशनाची भीती काल्पनिक होती असं मी म्हणणार नाही. पगडीत बॉम्ब असलेलं चित्र काढणारे कुर्ट वेस्टरगार्ड यांच्या घरात १ जानेवारी २०१० रोजी एक माणूस कुऱ्हाड घेऊन घुसला. ७ जानेवारी २०१५ रोजी पॅरिसमध्ये 'शार्ली एब्दो'च्या कार्यालयावरच्या हल्ल्यात १२ जण मारले गेले. घरी बसून दुसऱ्याला 'तू शूर हो' सांगणं फार सोपं असतं. तरीही हा निर्णय चुकीचा होता असं मला वाटतं, आणि त्याची कारणं धाडसाची नसून पद्धतीची आहेत.

पहिलं कारण. चित्रं इंटरनेटवर सहज मिळतात, मग पुस्तकात कशाला, असा एक युक्तिवाद होता. आपल्या विषयात एखाद्या रेफरीने सांगितलं, 'मुख्य आकृती काढा, वाचक गूगल करतील', तर पेपर उभा राहील का? शिवाय या प्रकरणात हा युक्तिवाद विशेष दुबळा आहे. इमामांच्या फाइलमध्ये मूळ १२ चित्रांबरोबर वर्तमानपत्रात कधीच न छापलेली काही चित्रंही होती. त्यातलं एक म्हणजे फ्रान्समधल्या डुकराचा आवाज काढायच्या स्पर्धेतल्या स्पर्धकाचा फोटो, ज्याचा प्रेषितांशी काडीचाही संबंध नव्हता. म्हणजे कोणती चित्रं खरी, कोणती जोडलेली, हा गोंधळ वादाचाच एक भाग होता. अशा वेळी मूळ पान जसंच्या तसं, तारखेसह कुठेतरी विश्वासार्ह ठिकाणी मिळायला हवं. विद्यापीठाचं प्रकाशन ती जागा नसेल, तर कोणती असेल?

दुसरं कारण. '१२ व्यंगचित्रं' असं आपण म्हणतो तेव्हा ती सगळी एकाच सुराची असतील असं वाटतं. तशी ती नाहीत. एका चित्रात महंमद नावाचा शाळकरी मुलगा फळ्यापाशी उभा आहे आणि फळ्यावर वर्तमानपत्राच्या संपादकांनाच प्रतिगामी, चिथावणीखोर म्हटलंय. दुसऱ्या एकात ब्लुटगेन यांचीच प्रसिद्धीचा स्टंट म्हणून खिल्ली उडवली आहे. म्हणजे बोलावलेल्या १२ जणांपैकी काहींनी यजमानालाच चिमटा काढला होता. लक्षात राहिलं ते फक्त बॉम्बचं चित्र. आता गंमत बघा: मी हे जे सांगितलं ते खरं की खोटं, हे पुस्तक हातात धरून तुम्हाला तपासता येत नाही. माझ्या किंवा क्लाउसेन यांच्या शब्दांवर विश्वास ठेवावा लागतो. संशोधनात नेमकं हेच टाळायचं असतं.

तिसरं कारण मला सर्वांत गंभीर वाटतं. ऑटोमन चित्र काढून टाकल्याने नुसती एक आकृती कमी झाली नाही, एक पुरावा गेला. इस्लामी जगातल्या काही दरबारांत, विशेषतः इराणी आणि ऑटोमन परंपरेत, प्रेषितांची चित्रं काढली गेली आहेत. कधी चेहऱ्यासह, कधी चेहऱ्यावर पडदा दाखवून. ती आदराने काढलेली होती. ही चित्रं वाचकासमोर आली की 'सगळ्या मुस्लिमांना सगळ्या काळात असं चित्र निषिद्धच होतं' हा समज ढासळतो. ती लपवली की तोच समज पक्का होतो, आणि तोही एका विद्यापीठाच्या हातून. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या हॅमलिन विद्यापीठात कलेचा इतिहास शिकवताना १४ व्या शतकातलं असंच एक इराणी चित्र, आधी सूचना देऊन, दाखवलं गेलं. शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला पुढच्या सत्रात काम मिळालं नाही. चिथावणी देणारं व्यंगचित्र आणि भक्तिभावाने काढलेलं चित्र यातला फरक करायचं ज्ञानसंस्थांनीच सोडलं, तर तो फरक बाकीच्यांनी तरी का करावा?

आणि गुप्त सल्ला. रेफरीचं नाव गुप्त ठेवणं आपल्याला सवयीचं आहे, पण त्याचा अहवाल लेखकाला मिळतो आणि त्याला उत्तर देता येतं. इथे नावं सोडाच, मतंही तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर.

वर्तमानपत्राचं स्वातंत्र्यही तपासा

आता दुसऱ्या बाजूलाही तोच काटेकोरपणा लावूया. 'युलंड्स-पोस्टेन'चा दावा होता की मुक्त समाजात थट्टा सहन करायची तयारी सगळ्यांनीच ठेवायला हवी. पण याच वर्तमानपत्राकडे २००३ मध्ये एका चित्रकाराने येशूच्या पुनरुत्थानावरची व्यंगचित्रं पाठवली होती, आणि वाचकांना ती रुचणार नाहीत, गदारोळ होईल, अशा कारणाने ती परत केली गेली. एखादं चित्र न छापणं हा संपादकाचा हक्कच आहे, त्याला सेन्सॉरशिप म्हणत नाहीत. पण मग 'आम्ही सगळ्यांना एकच माप लावतो' हा दावा मात्र टिकत नाही.

डॅनिश सरकारी अभियोक्त्यांनी वर्तमानपत्रावर खटला भरला नाही. मार्च २००६ मध्ये तो निर्णय कायम झाला. पण त्याच निर्णयात असंही नोंदवलं की धार्मिक भावनांचा काहीच विचार करायची गरज नाही, हे वर्तमानपत्राचं विधान देशाच्या कायद्याचं बरोबर वर्णन नाही. दोन्ही बाजूंनी या निर्णयाचा आपल्याला हवा तेवढाच अर्धा भाग उचलला. डेन्मार्कने ईश्वरनिंदेचं कलम २०१७ मध्ये रद्द केलं आणि २०२३ मध्ये धर्मग्रंथांच्या जाहीर विटंबनेवर बंदी घालणारा नवा कायदा केला. म्हणजे ज्या देशाला आपण या वादात ठाम समजतो, तोही अजून शोधतोच आहे.

आपल्याकडे

आपल्याकडे धार्मिक भावना जाणूनबुजून, दुष्ट हेतूने दुखावण्याबद्दलचं कलम २९५-अ हे १९२७ मधलं. आता भारतीय न्याय संहितेत ते २९९ झालंय. सर्वोच्च न्यायालयाने ते १९५७ च्या रामजीलाल मोदी खटल्यात वैध ठरवलं. गंमत म्हणजे त्या प्रकरणाची सुरुवातही अलाहाबादच्या एका हिंदी दैनिकात छापलेल्या गाढवाच्या चित्रावरून किंवा लेखावरून झाली होती.

मुंबईत जानेवारी २०१५ मध्ये 'अवधनामा' या उर्दू दैनिकाच्या संपादक शिरीन दळवी यांनी 'शार्ली एब्दो'चं मुखपृष्ठ बातमीसोबत छापलं. माफी मागूनही त्यांना अटक झाली, नोकरी गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेरीस 'लोकमत'च्या रविवार पुरवणीत आयसिसच्या पैशावरच्या लेखासोबत पिगी बँकेचं चित्र आलं, राज्यात काही ठिकाणी कार्यालयांवर हल्ले झाले आणि वर्तमानपत्राने दिलगिरी व्यक्त केली. आणि २०१२ मध्ये, विषय धर्माचा नसला तरी, शंकर यांच्या १९४९ च्या आंबेडकरांवरील व्यंगचित्रावरून पाठ्यपुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची तोडफोड झाली. तिथे दुखावलेल्यांना बाजूला सारून चालणार नाही. अपमानाच्या इतिहासातून आलेली ती भावना होती. पण तोडफोडीने त्या भावनेचा अभ्यास पुढे गेला का?

तुमच्यापैकी पत्रकारिता, राज्यशास्त्र, समाजशास्त्र यात जाणाऱ्यांसाठी इथे सरळ विषय पडलेला आहे. 'लोकमत'चं ते पान सकाळी किती वाजता, कुणाच्या फोनवर, कोणत्या मजकुरासह फिरलं? काही गावांत दगड पडले आणि बाकीच्या गावांत नाहीत, असं का? क्लाउसेन यांची पद्धत घेऊन एक जिल्हा जरी केलात तरी चांगला थिसिस होईल.

आणि ते करताना चित्राचं काय करायचं? माझं मत सांगते. मूळ पान आधी स्वतः पाहा, तारीख आणि पान क्रमांकासह नोंदवा. युक्तिवाद चित्रावर उभा असेल तर ते पूर्ण पानासकट, संदर्भासह, आतल्या प्रकरणात द्या. मुखपृष्ठावर किंवा सेमिनारच्या पहिल्या स्लाइडवर लावू नका. तिथे ते पुरावा न राहता घोषणा होतं. समोर बसलेल्यांना आधी कल्पना द्या. आणि देणं खरंच शक्य नसेल, तर पद्धतीच्या प्रकरणात लिहा: काय वगळलं, कुणाच्या सांगण्यावरून, कशाच्या भीतीने. येलने निदान वगळल्याचं पुस्तकात छापून सांगितलं, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. पुष्कळ ठिकाणी तेवढंही होत नाही, विषयच मुळात बदलला जातो आणि त्याची नोंद कुठेच राहत नाही.

तेव्हा 'वादग्रस्त विषय घेऊ का' हे विचारण्याआधी गाईडना दुसरा प्रश्न विचारून बघा: माझा मुख्य पुरावा थिसिसमध्ये छापता येईल का? त्याचं उत्तर प्रवेश घेतानाच मिळालेलं बरं, व्हायवाच्या आदल्या महिन्यात नको. आणि क्लाउसेन यांचं पुस्तक वाचलंत तर तुमचं मत जरूर कळवा, विशेषतः माझ्या तिसऱ्या कारणाशी असहमत असाल तर.